चैत्रात झुडपं हलवून देणाऱ्यांपासून सावध

जळगाव असो की भुसावळ, मार्च-एप्रिलमध्ये दारात टेम्पो थांबवून कोणी म्हणालं, "माजलेला वाफा साफ करून झुडपं नीट जागी हलवून देतो," तर त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा. आमच्याकडे होळीनंतर अशी तिघांची टोळी आली आणि 12,000 रुपये घेऊन गेली. नुसते पैसेच नाही गेले, ते पुढे येईलच.

वाफा खरंच माजला होता. जास्वंद तगरीत घुसलेली, दोघींच्या सावलीत मोगरा फुलेनासा झालेला, खाली सगळा लव्हाळा. सासूबाईंना तो मोकळा करून हवा होता. टोळीतला बोलका त्यांना 'माय, माय' करत होता. त्याने प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड दाखवलं: शासनमान्य रोपवाटिका. मुळात 1969 च्या कायद्याने परवाना लागतो तो फळझाडांच्या रोपवाटिकेला. तगर-जास्वंद हलवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. वसंत हाच झाडं हलवायचा काळ, असं सांगून त्याने मोबाइलवर व्हिडिओही दाखवला. व्हिडिओ थंड देशातला. तिकडे बर्फ वितळल्यावर, पालवी फुटायच्या आधी झुडूप हलवतात, आणि पुढचे कित्येक आठवडे हवा गार असते. आपल्याकडे वसंतापुढे काय असतं? 44-45 अंशांचा मे.

या फसवणुकीची मेख अशी, की ते जे जे बोलले ते एरवी खरंच असतं. हलवलेलं झाड सुरुवातीला मान टाकतं, हे खरं. पाला उतरवला की झाडावरचा ताण कमी होतो, हेही खरं. वरून हिरवी नेट बांधतात, तीही योग्यच. सगळं शास्त्रशुद्ध झाल्यावर जाताना तो म्हणाला, "महिनाभर नेट उघडायची नाही, झाडाला हात लावायचा नाही." हे वाक्य कानावर पडलं की समजा, काहीतरी लपवलं जातंय. ऐन उन्हाळ्यात झाड सुकलं तर दोष उन्हावर जातो आणि टोळीला महिना मिळतो. उरलेले पैसे फोनवरून पाठवताना नाव भलतंच आलं, त्यावर "मालकाच्या बायकोचं खातं" हे उत्तर तयारच होतं.

झाडं सुकत होती, पण नखाने साल खरवडली की आत हिरवं दिसायचं, म्हणून सासूबाई निर्धास्त. पण छाटलेली फांदी ओल्या मातीत खोचली तरी बरेच दिवस आतून हिरवी राहते. शेजारचे नाना शेतकरी माणूस, रावेरकडे त्यांची केळी. ते बघायला आले, "चैत्रात कोणी झाड हलवतं का, वहिनी?" म्हणाले आणि तगरीला हात घातला. अख्खी तगर वर आली. खाली एकही मूळ नाही, कोयत्याचा तिरपा घाव तेवढा. भोवती चिखलाचा गोळा, त्यावर गोणपाट, वर सुतळी. लांबून बघणाऱ्याला हुंडीच, म्हणजे मुळांसकट काढलेला मातीचा गोळाच, वाटावी.

मग आमची मूळ झाडं गेली कुठे? कुठेही नाही! जमिनीलगत छाटून तिथेच ठेवलेली आणि वर 'कोकणची लाल माती' पसरलेली. ती मातीही धड नव्हती, पाणी मारल्यावर विटांचा चुरा उघडा पडला. पुढे जुन्या जागी त्याच चुऱ्यातून जास्वंदीचे कोंब वर आले, बरोबर लव्हाळाही. लव्हाळ्याच्या गाठी खणून वेचायच्या असतात, यांनी फक्त वरचं गवत कापलं होतं.

एकच झाड त्यांनी मुळासकट काढलं: सासऱ्यांनी लावलेली बोगनवेल. "मुळं कुजली आहेत, वाफ्यात रोग पसरेल," म्हणून ती कचऱ्याबरोबर टेम्पोत चढवली. तिला मात्र आदल्या संध्याकाळी पाणी दिलं होतं आणि सकाळी वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी असताना, भोवती गोल खणून अशी हुंडी काढली, की मातीचा कण सुटला नाही. म्हणजे काम येत नव्हतं असं मुळीच नाही. बोगनवेलीच्या जाड, जुन्या खोडाला बोन्सायवाल्यांकडे चांगला भाव मिळतो. टोळी बहुधा आलीच होती तिच्यासाठी.

तुम्हाला वाफा बदलायचाच असेल तर मृगाचे दोन-चार चांगले पाऊस पडू द्या. त्याआधी महिनाभर झाडाभोवती गोल चर मारून बाजूची मुळं तोडून ठेवली, तर आत बारीक मुळं धरतात. खोड दोन सेंटिमीटर जाड असेल तर हुंडी निदान 20-24 सेंटिमीटर रुंद हवी. काळी माती कोरडी असताना खणू नका, ढेकळं निघतात आणि मुळं उघडी पडतात. झाड खड्ड्यात उतरवण्याआधी गोणपाट सोडून मुळं दाखवायला सांगा, आणि निम्मे पैसे नवी पालवी दिसल्यावरच द्या. 'कचरा' म्हणून काही नेत असतील तर तो फाटकाच्या आत उतरवून घ्या.

पोलिसांत अर्ज दिला आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. फोन नंबर बंद, कार्डावरच्या पत्त्यावर रसवंती निघाली. पैसे परत येतील असं वाटत नाही. बोगनवेल मात्र ओळखता येईल: एकाच वेलीवर पांढरी आणि गुलाबी फुलं, खोड मांडीएवढं, आणि कपडे वाळत घालायची तार वर्षानुवर्षं बांधून हातभर उंचीवर पडलेली खोल खाच. बोन्सायच्या कुंडीत असं खोड दिसलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.