दोनशे वीस रुपयांचा स्पंज फिल्टर: चौदा महिने वापरून लिहितेय

मिरजेत घरातच माझं शिवणकाम चालतं. पुढच्या खोलीत मशीन, कपाट, मापं घ्यायची जागा आणि मशीनच्या डाव्या हाताला माशांची काचेची टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर, मी भरते ती ४५च्या आसपास. ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या बायकांची पोरं तिच्यासमोर गप्प बसतात म्हणून आणली होती. मला नाद लागला तो नंतर.

आज टाकीत पंधराएक गप्पी मासे आहेत, लाल चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, किती ते मोजता येत नाही, मिस्ट्री स्नेल जातीच्या दोन पिवळ्या गोगलगायी आणि वनस्पतींच्या मुळांत लपून न बोलावता आलेल्या रॅम्सहॉर्न गोगलगायी. गप्पी मुळात फुकटचे, हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात ना, तेच. पुढं दुकानातून निळ्या शेपटीचे दोन आणले आणि सगळी जात मिसळली.

आधी माझ्याकडं मोटरवाला फिल्टर होता, टाकीतच बुडवून ठेवायचा. पाणी एकदम स्वच्छ ठेवायचा, खोटं कशाला बोलू. पण गप्पींची पिल्लं संध्याकाळी दिसली तर सकाळी निम्मी व्हायची. मी दोष दिला आयांना, कारण गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात हे माहीत होतं. मग श्रिंप आणले. एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली आणि महिनाभरानं तिळापेक्षाही लहान पिल्लं मॉसवर, म्हणजे टाकीतल्या शेवाळासारख्या वनस्पतीवर, फिरायला लागली. चेरी श्रिंपचं पिल्लू जन्मतःच हुबेहूब आईसारखं असतं, फक्त आरपार दिसणारं. आठ दिवसांनी फिल्टर उघडला तर पंख्याच्या खोबणीत लाल कणी अडकलेली. तेव्हा गप्पींच्या आयांची मनातल्या मनात माफी मागितली.

आता शिंपिणीला यावर काय सुचणार? नेटच्या कापडाची टोपी शिवली, तिला इलॅस्टिक घातलं आणि फिल्टरच्या तोंडावर चढवली. शिवण सुरेख आली होती. तीन दिवसांत नेट शेवाळानं आणि घाणीनं बुजलं आणि मोटर कण्हायला लागली.

मग हा स्पंज फिल्टर घेतला. खाली जड बूड, मधे उभी नळी, दोन्ही बाजूंना एकेक काळा स्पंज. पंप बाहेर राहतो आणि बारीक नळीतून हवा आत ढकलतो. उभ्या नळीत बुडबुडे वर चढताना आपल्याबरोबर पाणी नेतात आणि त्या जागी स्पंजातून गाळलेलं पाणी येत राहतं. आत फिरणारं काहीच नाही. ओढ इतकी मंद की पिल्लू स्पंजाला चिकटून बसलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

किमतीचं मात्र नीट ऐका. फिल्टर २२० रुपये हे खरं, पण तो एकटा काही करत नाही. पंप ३५०, नळी ४०, पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह ३०. म्हणजे ६४०. विजेचं म्हणाल तर पंप ३ वॅटचा, दिवसरात्र चालला तरी महिन्याला दोन-सव्वादोन युनिट.

वॉल्व्ह मी पहिल्यांदा घेतला नव्हता. खोक्यात नव्हता, दुकानातही कुणी सांगितलं नाही. पंप मशीनखाली जमिनीवर ठेवला होता. दुपारी लाईट गेली, हवा थांबली आणि टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली यायला लागलं. मी स्वयंपाकघरात. परत आले तेव्हा पंपाशेजारच्या पिशवीतला पैठणीचा ब्लाउजपीस ओला. गिऱ्हाइकाचा! नशिबानं रंग गेला नाही. उलट्या पाण्याला अडवणारा तो तीस रुपयांचा वॉल्व्ह नळीत बसवताना दिशा बघून बसवा. वॉल्व्ह नसेल तर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. मी दोन्ही करते.

पंप वर फळीवर ठेवला तर फळीच घुमायला लागली. दिवसा मशीनच्या आवाजात कळत नाही, रात्री मात्र कानाशी मोठा डास आल्यासारखं वाटतं. त्याच्याखाली दोन शोल्डर पॅड घातले, आता बरं आहे. स्पंजाला बूड जड असलं तरी पहिले दोन दिवस ते तरंगत वर यायचं. टाकीतच पाण्याखाली धरून चांगलं पिळलं, आतली हवा गेली आणि बसलं. दिसायला हे प्रकरण कुरूप आहे. मी त्याच्यापुढं वॉलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आहे.

आता धुण्याचं. मी टापटिपीची बाई, कात्रणाचा कपटाही जमिनीवर राहू देत नाही. दीड महिन्यानं स्पंज काढले आणि नळाखाली धरून पाणी निवळेपर्यंत पिळले. तपकिरी पाणी वाहताना काय समाधान वाटलं होतं! तिसऱ्या दिवशी टाकी दुधाळ, गप्पी वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. चार गेले, त्यात निळ्या शेपटीचा एक. त्या तपकिरी गाळातच सगळं होतं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे त्यामानानं निरुपद्रवी. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन ती मारतो. मी दोन्ही स्पंजांतली एकदम धुऊन काढली होती.

आता बदलायला काढलेलं टाकीचंच पाणी बादलीत घेते आणि एक स्पंज त्यात तीन-चारदा पिळते. दुसऱ्याला महिनाभर हात लावत नाही. म्हणून सांगते, घ्यायचा तर दोन स्पंजांचाच घ्या. हात शिवशिवतात, पण सोडून देते.

श्रिंपना तर हा स्पंज म्हणजे जेवणाचं ताट. दिवसभर त्यावर दहा-बारा जणी बसलेल्या असतात, पुढच्या बारीक हातांनी काहीतरी उचलून तोंडाकडं नेत. मी तुरपाई करत बसले की वाटतं, त्याही उसवायचं काम घेऊन बसल्यात. सुरुवातीला स्पंजावर एक पांढरी, रिकामी श्रिंप बघून पोटात गोळा आला होता. ती टाकलेली कात होती. काढू नका, त्याच खातात.

हा फिल्टर काय करत नाही तेही सांगते. मोटरवाल्यासारखं चकचकीत पाणी देत नाही, उन्हाच्या तिरिपेत बारीक कण तरंगताना दिसतात. नायट्रेट काढत नाही, त्यामुळं दर रविवारी १० लिटर पाणी बदलावंच लागतं. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून घालते. सासूबाईंनी सुचवलं होतं, तांब्याच्या हंड्यात ठेव, तांब्यातलं पाणी चांगलं. माणसाला असेल, श्रिंप आणि गोगलगायींना तांबं सोसत नाही. बादली प्लॅस्टिकची घ्या. गोगलगायींच्या कवचावर खड्डे पडायला लागले तर काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेनाचा तुकडा आणा. त्यात चुना असतो. आमच्याकडच्या जड पाण्याचा त्यांना फायदाच होतो, पण त्याच पाण्याचा पांढरा थर फिल्टरच्या नळीच्या तोंडाशी धरतो, तो खरवडावा लागतो. एकदा रॅम्सहॉर्नचं पोर उभ्या नळीत शिरून बसलं आणि बुडबुडे अडले. काडीनं काढलं.

गोल्डफिश पाळणाऱ्यांनी एवढ्याशा फिल्टरवर विसंबू नये, ते मासे घाण फार करतात. गप्पी, श्रिंप, गोगलगायी असा संसार असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

तेराव्या महिन्यात पंपातला रबराचा पडदा फाटला. सकाळी उठले तर खोली चमत्कारिक शांत. नुसता पडदा दुकानात मिळाला नाही, पंपच नवा घ्यावा लागला. स्पंज अजून तेच आहेत, एका कोपऱ्यात थोडे झिजलेत इतकंच. नव्या पंपाचा आवाज जुन्यापेक्षा जास्त आहे. तिसरा शोल्डर पॅड शिवायला घेतलाय.