कानाला मशीन लावून काही महिने झाले, त्याचा हिशेब

गेले आठ-नऊ महिने मी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं वापरते आहे. कानामागे बसणारं छोटं यंत्र, तिथून कानात जाणारी बारीक तार आणि तारेच्या टोकाला स्पीकर, म्हणजे 'आरआयसी' म्हणतात तो प्रकार. चार्जिंगचं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अगदी हेच मॉडेल ओळखीतल्या एका गृहस्थांकडे आहे आणि ते कपाटात पडून असतं. आम्हा दोघांत फरक आहे तो यंत्राचा नाही, ते कशावरून सेट केलं आणि कानात कसं बसवलं याचा आहे. त्यामुळे कुठलं मशीन घ्यावं याचं उत्तर इथे मिळणार नाही.

आधी तक्रार काय होती ते सांगते. मला ऐकू येत नव्हतं असं नाही. आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. माझं काम हिशेबाचं, दिवसभर फोनवर आकडे घ्यायचे, आणि समोरचा 'साठ' म्हणाला की 'आठ' हे समजेनासं झालं. पुरुषांचं बोलणं बरं कळायचं, लहान मुलांचं जवळजवळ नाहीच. लोक आवाज चढवून बोलायचे, त्याने फक्त माझं डोकं दुखायचं. याचं कारण नंतर कळलं. आतल्या कानात, कॉक्लियामध्ये, प्रत्येक बाजूला सुमारे १५ हजार केशपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी कॉक्लियाच्या तोंडाशी आणि खालच्या पट्टीच्या आत टोकाकडे. वयानुसार झिजायला सुरुवात होते ती बहुधा तोंडाकडून, आणि माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ, थ ही सगळी फुसफुसणारी व्यंजनं वरच्या पट्टीत, तीच जातात. ओरडून बोललं की स्वर मोठे होतात, 'स' फारसा होत नाही. म्हणून 'साठ'चा 'आठ'.

तपासणी माझ्या दोनदा झाल्या. पहिली एका दुकानात. साधी खोली, बाहेर रहदारी, कानाला हेडफोन, 'बीप ऐकू आली की बोट वर करा', पंधरा-वीस मिनिटांत निकाल आणि लगेच हातात माहितीपत्रक. कानात डोकावूनसुद्धा कुणी पाहिलं नाही. मळाचा बोळा असता तर त्यावरच मशीन विकलं असतं. दुसरी तपासणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी पडदा आणि मळ बघून मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, पाठवल्यावर, आवाजबंद खोलीत झाली. तिथे हेडफोनशिवाय कानामागच्या हाडावर एक कंपन करणारा ठोकळा लावूनही तेच बीप ऐकवले. हेडफोनवर कमी आणि हाडावरून नीट ऐकू आलं, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात असते आणि बऱ्याचदा तिच्यावर औषधाचा किंवा शस्त्रक्रियेचा इलाज असतो. दोन्हीकडे सारखंच कमी आलं तर आतल्या कानात. माझं दुसऱ्या प्रकारचं. एका कानाची चाचणी चालू असताना दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडतात, म्हणजे चांगल्या कानाने उत्तर चोरू नये. दुकानात यातलं काहीच झालं नव्हतं.

हातात येतो तो आलेख म्हणजे ऑडिओग्राम. आडवे आकडे पट्टीचे, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. उभे डेसिबलचे, आणि ते वरून खाली वाढत जातात, त्यामुळे रेघ जितकी खाली तितका कान कमजोर. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. माझा उजवा कान ५०० हर्ट्झला २० डेसिबल, म्हणजे उत्तम, आणि ४००० ला थेट ६०. डावा याहून थोडा खाली. ५००, १०००, २००० आणि ४००० या चार आकड्यांची सरासरी काढतात, ती ३९ च्या आसपास आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ३५ ते ५० म्हणजे 'मध्यम'. पण माझी घसरण सरासरीत दिसतच नाही. सपाट ३९ आणि २० वरून ६० ला कोसळणारे ३९ या दोन माणसांचं दुखणं वेगळं, मशीनची सेटिंगही वेगळी. सरासरी ऐकून घरी येऊ नका, आलेखाची प्रत मागून घ्या.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी. मागे गलका लावून वाक्यं ऐकवतात आणि गलका वाढवत नेतात. बोलणं आणि गलका जवळपास सारख्या पातळीवर असतानाही चांगले कान बरंच काही पकडतात. माझ्यासाठी बोलणं सात-आठ डेसिबल वर असायला लागायचं. शांत खोलीत माझे शब्द बहुतेक बरोबर येत होते. मशीन घेतल्यावर कुठे किती फरक पडेल याचा अंदाज ऑडिओग्रामपेक्षा या एका आकड्याने जास्त नेमका दिला. ही चाचणी बऱ्याच ठिकाणी आपणहून करत नाहीत. मागावी लागते.

आता बसवणं. मशीन संगणकाला जोडलं, ऑडिओग्राम भरला की कंपनीचं सॉफ्टवेअर आपली सेटिंग टाकतं. बहुतेकांचा प्रवास इथेच संपतो. कपाटवाल्या गृहस्थांचाही तिथेच संपला. पण प्रत्येकाच्या कानाची नळी लांबीला, रुंदीला वेगळी, त्यामुळे तेच मशीन दोन कानांत वेगळा आवाज पाडतं. माझ्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी कानात पडद्याच्या अगदी जवळ जाईल अशी केसासारखी मऊ नळी घातली, बाजूने मशीन लावलं, समोरच्या स्पीकरवर बोलणं वाजवलं आणि पडद्यापाशी प्रत्यक्षात किती आवाज पोचतो ते मोजलं. मग तो आलेख अपेक्षित रेषेशी ताडून पाहिला. ही रेषा कंपनीची नसते. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं 'एनएएल-एनएल२' हे सूत्र जगभर वापरतात, माझ्यासाठीही तेच घेतलं होतं. संगणकाच्या स्क्रीनवर दोन रेघा दिसल्या तेव्हा माझं मलाच उमगलं: कंपनीच्या सेटिंगमध्ये नेमका वरच्या पट्टीचा आवाज कमी होता. नवख्याला कर्कश वाटू नये म्हणून बरेच उत्पादक तसं करतात. म्हणजे 'स'साठी मशीन घ्यायचं आणि पहिल्याच दिवशी 'स'लाच कात्री. बाईंनी ती रेघ एकदम न चढवता टप्प्याटप्प्याने, दर भेटीत थोडी, वर नेली.

पहिले काही आठवडे त्रासाचे असतात, हे आधीच सांगून ठेवते. कागदाची सळसळ, कीबोर्ड, नळ, भांड्यांचा आवाज, स्वतःची पावलं. वर्षानुवर्षं मेंदूला हे मिळालेलं नसतं, त्यामुळे कुठलं सोडायचं आणि कुठलं धरायचं हे त्याला पुन्हा शिकावं लागतं. घरात शांत असताना रोज तासन्तास लावून ठेवणं हाच उपाय. फक्त समारंभाला काढायचं म्हणून ठेवलं तर दर वेळी पहिलाच दिवस. रोज सरासरी किती तास लावलं याची नोंद मशीन स्वतः ठेवतं आणि ती ऑडिओलॉजिस्टना दिसते, तेव्हा 'रोज लावते हो' असं सांगण्यात अर्थ नाही.

स्वतःचा आवाज हा वेगळाच विषय. कानात जाणारं रबरी टोक, डोम, बंद प्रकारचं असेल तर आपलं बोलणं डोक्यात घुमतं, कानात बोटं घालून बोलल्यासारखं. सुरुवातीला मला बंद डोम दिला होता. खालची पट्टी माझी चांगलीच असल्याने भोकांचा, उघडा डोम लावला आणि घुमणं बरंचसं थांबलं. अख्ख्या मशीनमध्ये सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि माझ्या मते मशीन वापरात राहील की कपाटात जाईल हे बऱ्याचदा तोच ठरवतो. उघड्या डोमची किंमत मात्र मोजावी लागते. खालच्या पट्टीचा आवाज बाहेर गळतो, त्यामुळे फोनवरून थेट मशीनमध्ये सोडलेलं गाणं पातळ लागतं. आवाज फार वाढवला की शिट्टी वाजते. कुणी गळाभेट घेतली तरी वाजते.

गोंगाटाबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण जाहिराती इथेच सगळ्यांत जास्त बोलतात. मला सात-आठ डेसिबल कमी पडत होते. समोरचा आवाज धरून मागचा दाबणारे मायक्रोफोन प्रत्यक्ष वापरात दोन-चार डेसिबल मिळवून देतात, तेही बोलणारा समोर असेल तर. बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर मोकळ्या जागेत सहा मिळतात, बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे थोडे कमी. म्हणजे दोन मीटरवरची खुर्ची एका मीटरवर ओढण्यात महागड्या मायक्रोफोनपेक्षा जास्त कमाई. हे समजल्यावर मी बैठकीत जागा निवडून बसते: भिंतीला पाठ, जास्त बोलणाऱ्याच्या जवळ, पंख्यापासून आणि दारापासून लांब. तरीही मोठ्या टेबलाच्या पलीकडचं बोलणं सुटतं. त्यासाठी छोटा वायरलेस माइक वेगळा घेतला, तो बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा. तो तोंडाजवळ असल्याने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फरक त्यानेच पडला. एकच अडचण, माइक लावणारा माणूस तो विसरून जागेवरून उठतो आणि जिन्यातलं सगळं बोलणं मला ऐकवतो. चार-पाच जण एकाच वेळी बोलू लागले की माइकही हात टेकतो आणि मीही.

फोन मात्र एक नंबर. ब्लूटूथवरून आवाज थेट दोन्ही कानांत येतो. 'साठ' आणि 'आठ' आता वेगळे कळतात, कामाच्या दृष्टीने मशीनचे पैसे इथेच वसूल झाले. एकच गोष्ट खुपते, डाव्या कानाची जोडणी मधेच तुटते आणि फोन पुन्हा जोडावा लागतो.

संगीताच्या बाबतीत निराशा. शिट्टी दाबण्याची जी सोय आहे ती बासरीच्या लांब सुरालाही शिट्टी समजते आणि सूर थरथरायला लागतो. ती सोय मंद केलेला वेगळा 'संगीत' प्रोग्राम मागून घेतला, तेव्हा बरं झालं. ॲपमध्ये बाकी दहा-बारा प्रोग्राम आहेत, मी दोनच वापरते. 'एआय' लिहिलेलं बटण दाबून पाहिलं, मला फरक सांगता येत नाही.

चार्जिंग दिवसभर पुरतं, फोनवर फार बोलले तर रात्री उशिरा सूचना येते. बारीक सेलवाल्या मशीनचा फायदा असा की प्रवासात वीज नसली तरी अडत नाही. ते सेल हवेवर चालतात, चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच बसवायचे. माझं मशीन अचानक बंद पडलं की बहुतेक वेळा कारण एकच, स्पीकरच्या तोंडावरची इवलीशी मळाची जाळी तुंबलेली. ती बदलायला दोन मिनिटं लागतात, सर्व्हिसला पाठवायच्या आधी ते करून बघा. घामाच्या दिवसांत रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवते. चष्मा आणि मास्क दोन्ही असेल तर मास्क काढताना एक हात कानापाशी ठेवायचा, मशीन उडून पडतं. हेल्मेटमध्ये शिट्टी, वाऱ्यात खरखर, याला इलाज सापडलेला नाही. दिसण्याची चिंता करणाऱ्यांसाठी: माझ्या कानात काही आहे हे बहुतेकांना मी सांगितल्यावरच कळलं.

घरात एक गंमत झाली. आता मलाच माझा आवाज नीट ऐकू येत असल्याने मी हळू बोलायला लागले, आणि 'काय म्हणालीस गं?' हे वाक्य नवऱ्याच्या तोंडी गेलं. त्यालाही तपासणीला पाठवलं आहे.

दुकानात मला 'मशीन घेतलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल' अशी भीती घातली होती. ऐकू कमी येणं आणि स्मृतिभ्रंशाचा धोका यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, हे खरं. पण २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं, तेव्हा सगळ्यांचा मिळून विचार करता मशीनवाल्यांत बौद्धिक घसरण कमी झालेली दिसली नाही. आधीच धोका जास्त असलेल्या गटात मात्र ती ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे आशेला जागा आहे, धमकीला नाही. मशीन घ्यायचं ते बोलणं कळावं म्हणून.

आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं असेल तर मशीनच्या चौकशीत वेळ घालवू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यात औषध लवकर सुरू होण्याला महत्त्व असतं. दोन कानांत बराच फरक असेल तरी आधी त्याचं कारण शोधून घ्यावं लागतं.

माझ्या डाव्या कानातला डोम बोलताना जबड्याच्या हालचालीने सरकतो, म्हणून त्या कानाचं माप घेऊन साचा करायला दिला आहे. साच्यात भोक किती मोठं ठेवायचं यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. त्यांना शिट्टी नको आहे, मला घुमणं नको आहे.