किल्पेकचं चर्च: दुर्बीण घेऊन जा

इंग्लंडमधल्या हेरेफर्ड शहरापासून नैऋत्येला साधारण १४ किलोमीटर. अरुंद रस्त्याच्या टोकाला लालसर दगडाची एवढीशी वास्तू बघून सांगलीहून आलेली आई म्हणाली, "यासाठी एवढ्या लांब आणलंस होय गं?" पुढचे दोन तास तीच हलायला तयार नव्हती.

सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड हे चर्च बांधलं सुमारे ११४० मध्ये, नॉर्मन काळात. लोक बसतात तो भाग, पुढे वेदीकडचा थोडा अरुंद भाग आणि शेवटी अर्धगोल गाभारा, एवढंच. पण थेट आत शिरू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा आणि नजर छपराखाली ठेवा. भिंतीतून पुढे आलेल्या दगडी तोड्यांवर एकेक मुखवटा, प्राणी, पक्षी कोरलाय. असे ८५ आजही शाबूत आहेत. सगळ्यात गोड तो कुत्रा आणि ससा: एकमेकांना बिलगलेले, मोठ्ठे गोल डोळे, ससोबाचे कान खाली पडलेले. आत्ताच कुणीतरी लहान मुलांच्या पुस्तकासाठी काढावेत असे!

गाभाऱ्याच्या बाजूला एका तोड्यावर दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी स्त्री आहे. तिकडे अशा मूर्तीला शीला-ना-गिग म्हणतात. मला आईसमोर जरा अवघडल्यासारखं झालं. आई मात्र शांतपणे बघत राहिली आणि म्हणाली, "आपली लज्जागौरी गं." घडण वेगळी, अर्थाबद्दल तर अभ्यासकांचंही एकमत नाही, पण चर्चच्या भिंतीवर ती पावणेनऊशे वर्षं टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दक्षिणेचं दार हा इथला कळस. उजव्या खांबाच्या माथ्यावरच्या चेहऱ्याच्या तोंडातून वेली फुटल्यात, डावीकडच्या खांबावर वेलीत गुंतलेले योद्धे, आणि कमानीत ड्रॅगन, पक्षी. नक्षी अजून इतकी धारदार आहे की हात लावायचा मोह होतो. लावू नका, वालुकाश्म आहे, झिजतो.

आत वेदीपुढच्या कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आकृत्या एकावर एक उभ्या आहेत. तिथे जरा बसा.

तिकीट नाही, दानपेटीत सढळ हाताने टाका, दगड सांभाळायला पैसा लागतो. स्वतःची गाडी हवीच. आणि दुर्बीण विसरू नका. आम्ही विसरलो, म्हणून आईने फोनवर झूम करून एकूण एक तोड्याचा फोटो काढला.