मासा आजारी पडला तर इंदिरानगरच्या काकांकडे

मी नाशिकला अंबडमधल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात, जॉब जरासा मापाबाहेर गेला की बाजूला. घरच्या माशांच्या टाकीत मात्र औषध ‘झाकणभर’ टाकत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या दुकानात पहिली बोलणी मी त्यावरूनच खाल्ली.

शोभेच्या माशांचं हे दुकान इंदिरानगरात, आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारी. बोर्डावरची निम्मी अक्षरं उन्हाने उडालीत, त्यामुळे सगळे ‘काकांचं दुकान’च म्हणतात.

झालं असं की जानेवारीत, ऐन थंडीत, दुसरीकडून दोन नवे मॉली मासे आणले आणि पिशवीतल्या पाण्यासकट टाकीत सोडले. आठवडाभरात जुन्या मॉलीच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. अंग वाळूवर घासायचा, कल्ले सारखे धपापायचे. जिथून मासे घेतले त्यांनी फोनवरच निळं औषध सांगितलं. ओतलं. पाणी शाईसारखं झालं, कोपऱ्यातलं सिलिकॉन निळं पडलं (ते आजही निळंच आहे) आणि तिसऱ्या दिवशी एक मॉली गेला.

मग कुणीतरी काकांचं नाव सुचवलं. मी ठिपक्यांचा फोटो दाखवून औषध मागितलं, तर म्हणाले, “पाणी आणलंय?” मी मोठ्या हौसेने बाटली पुढे केली. “यात रंग कुठला बघू मी? शाई घेऊन आलास!” पहिल्या भेटीतच अरे-तुरे. फिल्टरमध्ये टाकायला कार्बनची पुडी दिली, थोडं थोडं पाणी बदलायला सांगितलं आणि दोन दिवसांनी बोलावलं.

दोन दिवसांनी काचेच्या नळीत 5 मिली पाणी, एका बाटलीतले थेंब, मग दुसऱ्या बाटलीतले, हलवून पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. माझं हळूहळू पोपटी झालं, मग हिरवं. तक्त्यावर 1 पीपीएमच्या (लिटरला 1 मिलिग्रॅम) चौकोनाशी जुळलं. “अमोनिया. फिल्टर कधी धुतलास?” संक्रांतीच्या साफसफाईत स्पंज नळाखाली खळाखळा धुतला होता! माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया संपवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात. ते नळाच्या क्लोरीनने मेले, उरलेसुरले निळ्या औषधाने. म्हणजे धाप मुख्यतः अमोनियाची आणि ठिपके ‘इक’चे, म्हणजे परजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे. दुखणी दोन, मी एकच समजून बसलो होतो.

काकांचं कसब मला दिसलं ते क्रमात. मी लगेच हीटर मागितला, तर दिला नाही. पाणी तापवलं की आहे तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून आधी तो उतरवायचा. चार दिवस रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालून. मग 100 वॉटचा हीटर, 20 वरून 28 अंशांवर, रोज दोन-दोन अंश. हवेचा पंप चोवीस तास, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

ठिपक्यांवर औषध म्हणून मीठ, पण त्याआधी काकांनी टाकीचं माप विचारलं. 24 × 12 × 15 इंच, म्हणजे काठोकाठ सुमारे 71 लिटर. “वाळू वजा कर, वरची तीन बोटं वजा कर.” राहिले 58. मी अंदाजाने 100 लिटर धरून औषध ओतलं होतं! क्वालिटीवाला म्हणे. मीठ लिटरला 2 ग्रॅम, बादलीत विरघळवून, तीन हप्त्यांत. मॉलीला याहून जास्तही चालतं, पण तळाला चिकटणाऱ्या सकरला सोसत नाही.

पाचव्या दिवशी ठिपके गेले. मी हीटर काढायला निघालो, तर काकांनी फोनवरच झापलं. ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी, तिथे काहीच पोचत नाही. तो गळून तळाला जातो, एकाचे शेकडो होतात, आणि नवा मासा शोधत पोहतात तेवढाच वेळ ते मिठाच्या तावडीत सापडतात. गार पाण्यात हा फेरा आठवडे चालतो, 28 अंशांना काही दिवसांत उरकतो. म्हणून ठिपके गेल्यावरही दहा दिवस मीठ ठेवायचं. ठेवलं. तीन मॉली आणि सकर वाचले.

टेस्टचे 50 रुपये, हीटरचे 600. हीटर ऑनलाइन स्वस्त पडला असता, हे खरं.

तक्रार एकच, पण मोठी. काकांचा पोऱ्या एकाच जाळीने दोन टाक्यांतले मासे काढत होता. इक पसरायला आणखी काय लागतं? मी बोललो, तर काका क्षणभर गप्प झाले आणि पोऱ्यावर ओरडले. पुढच्या खेपेला प्रत्येक टाकीला वेगळी जाळी लटकलेली दिसली, पण घाईत तो कोणती उचलतो यावर माझा भरवसा नाही. तिथून मासा घेतला तरी मी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवणार.

दुपारी एक ते पाच शटर खाली असतं. चारचाकी नेऊ नका, गल्लीत वळत नाही. पाणी न्यायचं ते स्वच्छ बाटलीतून. माझ्यासमोर एक जण कोल्ड्रिंकच्या बाटलीतून घेऊन आला होता, त्याला आल्या पावली परत पाठवलं.