बारावीनंतर क्लब की कॉलेज? फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या खिशाचा हिशेब

क्लबचा करार समोर आलाय, सही करायची की आधी कॉलेजला नाव घालायचं, हा प्रश्न घेऊन पोरं येतात, त्यांचे वडील तर जास्तच येतात. आयएसएल, आय-लीग या देशातल्या क्लबांच्या लीग आणि संतोष ट्रॉफी ही राज्य संघांची स्पर्धा, हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यात शिरत नाही. मी बारावीनंतर एक मोसम क्लबकडून खेळलो, मग एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, प्रवेश घेतला, विद्यापीठाकडून खेळलो आणि आज क्रीडा कोट्यातून लागलेली सरकारी नोकरी करतो. तेव्हा माझं माप कुठे झुकणार हे उघड आहे. तेवढं धरून वाचा.

पहिल्या वर्षाचा पगार बघितला तर क्लबच जिंकतो. आणि खेळाच्या बाबतीतही क्लबच सरस, हे मान्य करायलाच हवं. अठरा ते एकवीस ही खेळाडू घडायची वर्षं. क्लबमध्ये रोज सराव, बरा प्रशिक्षक, शिवाय 2022 पासून तरुण संघांसाठी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आहे. कॉलेजात काय? आंतरमहाविद्यालयीन चार सामने, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि नशीब असेल तर अखिल भारतीय. उरलेलं वर्ष हजेरीचे पंचाहत्तर टक्के भरण्यात जातं.

ज्यांच्या पायात खरंच काही वेगळं होतं ते थांबले नाहीत. बायचुंग भुतिया पोरवयातच ईस्ट बंगाल क्लबला गेला. सुनील छेत्रीने कोलकात्याच्या आशुतोष कॉलेजात नाव घातलं होतं, पण फुटबॉलपुढे अभ्यास मागे पडला आणि 2002 मध्ये तो मोहन बागान क्लबकडे गेला. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला आणि तिथून पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्येच राहिला. यांना पदवी कोण विचारणार? तुमच्या पोराला भारताच्या वयोगट संघाचं शिबिर लागलं असेल, तर हा लेख इथेच सोडा आणि करार नीट वाचून सही करा.

बाकीच्यांसाठी सांगतो, माझं मन फिरलं ते भाकड महिन्यांमुळे.

करार होता मोसमापुरता. शेवटचा सामना झाला की मेस बंद, खोली दोन दिवसांत रिकामी, किट मोजून परत. पुढच्या मोसमाचं विचारलं तर ‘प्री-सीझनला बघू’. मग मे, जून, जुलै हातात काही नाही. एजंट एरवी दिवसातून दोनदा फोन करायचा, या काळात त्याचा फोन लागायचा नाही. गुडघ्याला सूज होती, फिजिओचे पैसे घरून. कोल्हापूरला आलो तर इथलाही मोसम उरकलेला, मैदानात गुडघाभर चिखल, म्हणजे तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळून चार पैसे मिळवायचीही सोय नाही. शेजारचे काका रोज विचारायचे, ‘काय रे, सुट्टी संपली नाही व्हय अजून?’ शेवटच्या महिन्याचा पगार दिवाळी झाल्यावर आला. नऊ महिन्यांचा पगार बारा महिन्यांवर पसरून बघा, आकडा लगेच पाऊण होतो. कराराच्या गप्पा मारताना हे गणित कुणी करून दाखवत नाही.

वर क्लबच राहील याचीही शाश्वती नाही. महिंद्रा युनायटेडने 2010 मध्ये गाशा गुंडाळला. पुण्याकडे बघा: पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही गेला. मुंबई एफसी 2017 नंतर दिसला नाही. 2025 च्या जुलैमध्ये तर आयएसएलचा मोसमच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणजे माझे भाकड महिने वरच्या फळीलाही चुकले नाहीत.

कॉलेजच्या बाजूने सगळा जोर एका कागदात आहे: विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यात देशाकडून किंवा राज्याकडून खेळलेल्यांबरोबर आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडूही पात्र धरतात. त्याचा नमुना ठरलेला आहे, फॉर्म 3. खेळाडूचं नाव, स्पर्धा, तारखा, संघाचं स्थान, आणि खाली विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखांची सही. माझा क्लबचा अख्खा मोसम नोकरीच्या अर्जात एका ओळीच्याही कामाला आला नाही. हा एक कागद आला.

पगार डोळे दिपवणारा नाही. केंद्राच्या वेतनश्रेणीत लेव्हल 2 ला महिना मूळ वेतन 19,900 रुपये, लेव्हल 4 ला 25,500, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. पण बारा महिने येतो. राष्ट्रीय स्पर्धांसाठी वर्षाला 30 दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. आणि पाय थकले तरी खुर्ची राहते. माझ्याबरोबर क्लबला गेलेला मित्र तेव्हा माझ्या दुप्पट कमवायचा. तिशीच्या आत त्याचे करार यायचे थांबले. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे मलाही कळतं.

सरकारी खातं म्हणजे स्वर्ग असं मात्र समजू नका. जागा मोजक्या निघतात, फुटबॉलच्या तर त्याहून कमी. खेळ एका जागी अडकतो, बाहेरच्या क्लबकडून खेळायचं तर परवानगीसाठी साहेबांच्या दारात उभं राहावं लागतं.

क्लब करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी, हा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. पदवी मिळते, पण आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित विद्यार्थी लागतो, त्यामुळे तो कागद हुकतो.

रेल्वेच्या खेळाडू भरतीत वय 25 च्या आत लागतं, सवलत नाही, आणि वरच्या पदांना पदवी. एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन क्लबकडे गेलात तरी चार वर्षं हातात राहतात. आधी क्लब करून बाविसाव्या वर्षी एफवायला बसलात, तर पदवी येईपर्यंत रेल्वेची ही दारं बंद झालेली असतात. घाई असेलच तर करारात एवढं बघा: पगार बारा महिन्यांचा आहे का, आणि मोसमाबाहेर दुखापत झाली तर खर्च कोणाचा. यावर उत्तर गोलमोल आलं, तर कॉलेजचा प्रवेश अर्ज भरून टाका.