फायनल फँटसी १४ फ्री ट्रायल: गेमला चार स्टार, सोबतच्या पोरांना दोन

फायनल फँटसी १४ हा जगभरच्या लोकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन गेम, आणि त्याची ट्रायल फुकट म्हणतात ती खरंच फुकट आहे. दिवसांची मर्यादा नाही, मूळ गेम आणि पहिली दोन एक्स्पान्शन्स (नंतर आलेले वाढीव भाग) लेव्हल ७० पर्यंत खेळता येतात, एवढं दुसरं कोण देतं? भारतात सर्व्हर नाही त्यामुळे लॅग, म्हणजे बटण दाबल्यावर लागणारा उशीर, थोडा जाणवतो, आणि इथे गोव्यात डिचोलीत पावसात लाईट गेली की बॉससमोर (मोठ्या राक्षसासमोर) उभा असलेला आपला टँक, म्हणजे पुढे राहून सगळा मार झेलणारा, तसाच मरतो, पण त्यात गेमचा काय दोष.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब (लढायचे प्रकार) करता येतात, हत्यार बदललं की जॉब बदलला, आणि कॅरेक्टर बाई आहे की पुरुष याने ताकदीत काडीचा फरक पडत नाही. कंपनी पण काही पहिल्यापासून शहाणी नव्हती हां. २०१० च्या पहिल्या गेममध्ये कॅरेक्टरच्या वंशांपैकी धिप्पाड रोएगाडिन फक्त पुरुष आणि मांजरकानांच्या मिकोटे फक्त बायका, २०१३ ला गेम नव्याने काढला तेव्हा दोन्ही वंश बाई-पुरुष दोघांना उघडले. मग २०१९ ला परत तेच! सशाच्या कानांच्या विएरा नुसत्या बायका, सिंहतोंडे ह्रोथगार नुसते पुरुष. विएरा पुरुष २०२१ ला आले, ह्रोथगार बाईला २०२४ उजाडावं लागलं.

आता सोबत खेळणाऱ्या पोरांबद्दल. चौघांच्या डंजनला (राक्षस मारत जायच्या मोहिमेला) एक टँक, एक हीलर (जखमा भरणारा), दोन डीपीएस (नुसते मारणारे) लागतात. व्हॉइसवर माझा आवाज ऐकला की ठरलेलं वाक्य, "अगो तू हीलर घे गो, सोपं असतं." सोपं?? चांगला हीलर निम्मा वेळ राक्षसांना मारतच असतो, वर बॉसचा मोठा फटका कधी येणार ते पाठ पाहिजे, एमपी (जादूला लागणारी शक्ती) सांभाळायचा, मेलेल्याला उठवायचं, आणि टँक मेला की शिव्या हीलरलाच. टँकला पण काही पिळदार दंड लागत नाहीत, वाट माहीत पाहिजे, किती राक्षस एकदम ओढायचे ते कळलं पाहिजे आणि त्यांचं लक्ष आपल्यावरून हलू द्यायचं नाही, बस्स. बरं हे सांगणारा स्वतः मांजरकानांची नाजूक मुलगी घेऊन खेळतो. त्याला माझी काहीच हरकत नाही, आमच्या पेडण्याकडे दशावतारात पुरुषच लुगडं नेसून राणी होतो आणि काय झकास होतो. पण मग मी कुऱ्हाड घेतली की "तुला जमेल ना?" कशाला?

आणि बऱ्याचदा कमी पडतो तो टँकच. डीपीएस घेऊन डंजनच्या रांगेत बसलं की बसा वाट बघत, टँकला पटकन पार्टी (सोबतचा गट) मिळते, कमी पडलेल्या रोलला गेम जादा बक्षीसही देतो. डंजन संपल्यावर एकाला शाबासकी देता येते, अनोळखी लोकांत, जिथे माझा आवाज कोणी ऐकलेला नसतो, तिथे ती मला टँक म्हणून बऱ्यापैकी मिळते.

टँकच व्हायचं असेल तर सुरुवातीला ग्लॅडिएटर (तलवार-ढालवाला) किंवा मरॉडर (कुऱ्हाडवाला) घ्या. ट्रायलमध्ये स्वतःची पार्टी काढता येत नाही, गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या मंडळात) पण जाता येत नाही, तेवढा एक स्टार कापला. आणि आवडला म्हणून घाईने विकत घेऊ नका, एकदा घेतला की त्या अकाऊंटवर परत ट्रायल नाही, महिन्याभराने दर महिन्याचे पैसे सुरू.