कागदाचं दुकान ऑनलाइन लावायचंय: इन्स्टा, एट्सी, मीशो-ॲमेझॉन की स्वतःची वेबसाइट?

नागपुरात हॅन्डमेड पेपरच्या डायऱ्या, कार्डं, क्विलिंगच्या (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेल्या) फ्रेमा, कंदील असलं काहीबाही बनवणाऱ्या ताया-दादा आता बरेच झालेत आणि ऑनलाइन विकायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, कमिशन कोणाचं कमी? अरे बावा, कमिशन नंतर बघू. आधी आपला माल टेबलावर ठेवा आणि दोन गोष्टी तपासा, एक, वस्तू सपाट आहे का फुगीर, आणि दोन, हीच वस्तू दोन महिन्यांनी परत तशीच्या तशी बनते का. ह्या दोनच्या उत्तरावर अर्धा निर्णय होऊन जातो, खरंच.

आधी ते दुसरंच घेतो कारण त्याच्याकडे कोणी बघत नाही. हा कागद बहुतेक वेळा सुती चिंध्यांचा, होजिअरीच्या कटिंगचा असतो, त्याचा बीटर नावाच्या यंत्रात लगदा करतात, साच्यावर उचलतात, दाबून पाणी काढतात, वाळवतात, खळ देतात. म्हणजे प्रत्येक लॉटला रंग, जाडी, किनार थोडीथोडी वेगळी येणारच. दिवाळीआधी आणलेला हळदी रंगाचा कागद आणि संक्रांतीला आणलेला हळदी शेजारी ठेवून बघा, दोन वेगळे पिवळे दिसतील. आपल्याला त्यात मजा वाटते, पण मोठ्या मार्केटप्लेसवर एक फोटो टाकला की तोच फोटो वर्षभर चालणार आणि गिऱ्हाईक बरोब्बर तेच मागणार, नाही मिळालं की "फोटोसारखं नाही" म्हणून रिटर्न. इन्स्टावर मात्र तुम्ही सरळ लिहू शकता की ह्या लॉटच्या आठ डायऱ्या आहेत, संपल्या की संपल्या, आणि उलट त्यानंच विकल्या जातात.

तर इन्स्टा अधिक व्हॉट्सॲप. नागपुरात सुरुवात करणाऱ्या दहातल्या आठ जणांनी इथूनच करावी असं माझं मत आहे, उरलेल्या दोघांचं पुढे येतंच. खर्च काही नाही, व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू टाकता येतात, एवढ्या आपल्याकडे असतात कुठं. पैसे यूपीआयनं येतात, साध्या बँक खात्यातून यूपीआय केलं तर त्यावर दुकानदाराला चार्ज नाही. गिऱ्हाईक धरमपेठचं असो की पुण्याचं, बोलून घेतं, "आईच्या नावाचं पहिलं अक्षर टाकाल का", "आतली पानं रेघांची नको", आणि हेच आपलं खरं काम आहे, नाव टाकून, रंग बदलून द्यायचं. मार्केटप्लेसवर हे सगळं झंझट होऊन बसतं.

पण फुकट म्हणजे खरंच फुकट नाही हं. चार्ज पैशात नसून वेळात जातो. एका ३५० रुपयाच्या डायरीसाठी चाळीस मेसेज, मग "सांगते मिस्टरांना विचारून", मग गायब. रात्री अकराला "आहे का हे?" आणि सकाळी उत्तर दिलं तर "राहू द्या, घेतलं". त्यात पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवून माल मागवणारे पण असतात, म्हणून नियम एकच ठेवायचा, स्क्रीनशॉट बघायचाच नाही, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच पॅकिंग. आणि रील टाकणं बंद केलं की ऑर्डरी पण आटतात, हे ज्याला जमत नाही त्यानं इन्स्टाच्या भरवशावर घर चालवायचा विचार करू नये.

एट्सीचं गणित वेगळं आहे. २००५ पासूनची अमेरिकन साइट, तिथं माणूस हातानं बनवलेलंच शोधायला येतो, "एवढं महाग काहून?" हा प्रश्न फार कमी येतो. एका लिस्टिंगचे, म्हणजे एक वस्तू दुकानात लावायचे, २० सेंट, ते चार महिने राहतं, विकलं गेलं की परत २० सेंट देऊन नवं होतं. विक्रीवर ६.५ टक्के, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही की ते शिपिंगच्या रकमेवर पण लागतात. पेमेंट प्रोसेसिंगचा चार्ज वेगळा. समजा डायरी २० डॉलरची आणि शिपिंग १० डॉलर, तर ६.५ टक्के ३० वर, म्हणजे १.९५ डॉलर गेले. शिवाय एट्सी बाहेर गूगल वगैरेवर तुमची जाहिरात करतं आणि त्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आलं तर १५ टक्के अजून कापतं, त्याच ३० वर साडेचार डॉलर. वर्षाची विक्री १० हजार डॉलरच्या खाली असेल तर हे सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, सुरुवातीला बंदच ठेवा. पुढे १० हजार ओलांडले की बंद करता येत नाही, फक्त रेट १२ वर येतो. पण तेव्हा तुम्ही माझं वाचत बसणार नाही.

एट्सीची खरी मेख शिपिंगमध्ये आहे. अमेरिका हा तिथला मोठा बाजार आणि ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला तिकडं ड्युटी नव्हती, त्याच्यावरच आपल्याकडची कितीतरी छोटी दुकानं उभी होती. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ ला गेली. त्याच्या चार दिवस आधी भारतीय पोस्टानं अमेरिकेचं बहुतेक बुकिंगच थांबवलं, ते ऑक्टोबरच्या मध्यात सुरू झालं. मधल्या काळात ज्यांचं सगळं दुकान अमेरिकेवर होतं त्यांची काय हालत झाली असेल बघा, आणि तेव्हा नेमकी तिकडची ख्रिसमसची खरेदी सुरू व्हायची वेळ. ड्युटीचे दर तेव्हापासून बदलतच आहेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओवर विश्वास ठेवून भाव लावू नका, बुकिंगच्या आधी पोस्टात नाहीतर कुरिअरवाल्याला विचारून घ्या. परदेशात माल विकायचा तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर, काढा, फी ५०० रुपये, ऑनलाइन निघतो. पोस्टाची डाक घर निर्यात केंद्रं पण आहेत, कस्टमचे कागद तिथून करता येतात, एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

एट्सीला अजून एक लागतं ते म्हणजे लिहिणं. गिऱ्हाइकाला कागद कुठला, कसा बनला हे वाचायचं असतं आणि आपल्याकडं सांगायला आहे की! इथून ऐंशीएक किलोमीटरवर वर्ध्याला मगनवाडीत १९३४ पासून गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली, हातकागद त्यातलाच एक उद्योग. पुण्याची हातकागद संस्था पण १९४० ची. पण कृपा करून जे खरं आहे तेच लिहा. तुमचा कागद जयपूरजवळच्या सांगानेरहून येत असेल, बहुतेकांचा तिथूनच येतो, तर सांगानेर लिहा, तिथल्या कागझी कुटुंबांची परंपरा काही कमी नाही. सांगानेरचा कागद घेऊन त्याला गांधीजींच्या वर्ध्याचा म्हणणारे मी बघितलेत, असला राग येतो.

आता मीशो आणि ॲमेझॉन. मीशोचं कमिशन शून्य आहे, २०२१ पासून, आणि ॲमेझॉननं पण एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या वस्तूंवर बऱ्याच कॅटेगरीत रेफरल फी, म्हणजे कमिशनच, काढून टाकली. ऐकायला लय भारी. पण ॲमेझॉनवर दर विक्रीमागे क्लोजिंग फी आहे, वजनाचे पैसे आहेत, आणि मीशोवर तुमच्या शेजारी मशीनवर कापलेल्या ९९ रुपयाच्या डायऱ्या बसल्यात, तिथला गिऱ्हाईक भावावरच निवडतो. हातानं शिवलेली बांधणी आणि गमनं चिकटवलेली बांधणी फोटोत सारखीच दिसते ना. कॅश ऑन डिलिव्हरीवर दारातूनच परत पाठवणारे असतात आणि कागदाची वस्तू दोनदा प्रवास करून आली की तिचे कोपरे बघवत नाहीत, परत विकता येत नाही. मग मार्केटप्लेसवर कोणी जावं? ज्यांचा माल मोजून एकसारखा आहे त्यांनी. क्विलिंगच्या पट्ट्यांची पाकिटं, कोऱ्या टॅगचे संच, पाकिटं-लिफाफे, ओरिगामीचे चौकोनी कागद. नावबिव टाकायचं नाही, रंगाची यादी ठरलेली, शंभर पॅकेट एका बसणीत होतात. वर म्हटलेले उरलेले दोघं ते हे.

जीएसटीचं इथंच सांगून टाकतो कारण सगळे इथंच अडतात. साध्या विक्रीला वस्तूंसाठी महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण हे राज्यातल्या राज्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून बिनानोंदणीचा छोटा विक्रेता पण मार्केटप्लेसवर विकू शकतो, जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन, अट एवढीच की माल महाराष्ट्राबाहेर जाता कामा नये. आपल्याला हे जरा जास्तच बोचतं कारण नागपूरहून छिंदवाडा, बालाघाट, रायपूर जवळ आणि मुंबई-पुणं लांब! हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना राज्याबाहेर विकायला वेगळी सूट आहे, तुमची वस्तू त्या यादीत बसते का हे सीएला एकदा विचारून घ्या, इन्स्टावरून रायपूरला पाठवलं तरी राज्याबाहेरचा हाच नियम लागतो.

स्वतःच्या वेबसाइटबद्दल फार लिहीत नाही. शॉपिफायसारखी तयार ऑनलाइन दुकानाची सेवा घेतली तर महिन्याला दीड-दोन हजार जातात, वर पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचे) साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी, आणि दुकान छान दिसतं, पण तिथं माणूस कोण आणणार? तुम्हीच, इन्स्टावरून. म्हणून आधी लोक नावानं शोधत यायला पाहिजे, मग वेबसाइट. महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी येत असतील तर ते दीड-दोन हजार कागदात घाला. अपवाद लग्नपत्रिकांचा आणि कंपन्यांच्या दिवाळी गिफ्टचा. तिथं समोरचा दोनशे-पाचशे नगांची ऑर्डर देणार असतो आणि आधी वेबसाइट आहे का बघतो, एक साधं पान असलं तरी त्याला भरवसा वाटतो. पत्रिकेवाल्यांनी छपाईचा नमुना मात्र प्रत्येक लॉटला काढायचाच, खळ कमी पडलेल्या कागदावर इंकजेटची शाई पसरते, स्क्रीन प्रिंटिंग त्यापेक्षा बरं बसतं.

राहिलं सपाट आणि फुगीर. कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० नी भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. क्विलिंगची फ्रेम वजनाला चारशे ग्रॅम असेल, पण पॅक करून ३० बाय ३० बाय १० चा डबा झाला की हिशेबात १.८ किलो. म्हणजे ६०० ची फ्रेम आणि शिपिंग ऐकून गिऱ्हाईक पळालं. उलट ए-सिक्स म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी, ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) पाच कार्डं जेमतेम २३-२४ ग्रॅम भरतात, पाकीट आणि आतला पातळ पुठ्ठा धरून ५० च्या आत. स्पीड पोस्टचा ऑक्टोबर २०२५ पासूनचा डॉक्युमेंटचा दर ५० ग्रॅमपर्यंत शहरात १९ आणि बाहेर कुठंही ४७ रुपये अधिक जीएसटी. तुमचं पाकीट डॉक्युमेंट धरतात की पार्सल, ते खिडकीवर आधी विचारा, पार्सलचे दर वेगळे.

त्यामुळे कार्डं, बुकमार्क, पातळ वह्या बनवणाऱ्यानं इन्स्टा घ्यावं आणि हात बसला की एट्सी, देश कुठलाही असो पाकीट जातं. जाड डायऱ्या आणि अल्बमवाल्यानं आधी देशातच, इन्स्टावर. फ्रेमा, कंदील, पेपरमॅशेच्या (कागदी लगद्याच्या) वाट्या असल्या फुगीर मालाला ऑनलाइन म्हणजे फक्त फोटो दाखवायची जागा समजा, विक्री नागपुरातल्या नागपुरात, डिलिव्हरी स्वतः नाहीतर गिऱ्हाईक घरी येऊन नेईल. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो तिथं एकदा फिरून या, लोक काय हातात घेतात आणि काय भाव ऐकून परत ठेवतात ते फुकटात समजतं.

आणि सुरुवात कधी करायची म्हणाल तर पावसाळ्यात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हा कागद हवेतलं पाणी पितो, डायऱ्यांचे पुठ्ठे वाकतात, बंद कपाटात बुरशीचे ठिपके येतात, पहिल्याच दहा गिऱ्हाइकांना असा माल गेला तर रिव्ह्यू काय येणार. मेमध्ये उलटा त्रास, पंचेचाळीसच्या उन्हात ओली चिकटवलेली कव्हरं तासाभरात वाळून वाटीसारखी वळतात, तेव्हा चिकटकाम सकाळी आणि वरून वजन ठेवून. सप्टेंबरअखेरपर्यंत कागद आणून, फोटो काढून तयार राहा, ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या ऑर्डरी आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांच्या. कुठंही पाठवा, आतून प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा मात्र बारा महिने.